पंडितेला शिकवणारे बिशप : ‘मॅन्सप्लेनिंग’ हा शब्द न्याय्य आहे का? (थ्रेड)

२००३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, ॲस्पेनजवळ एका धनिकाच्या घरी मेजवानी होती. निघण्याच्या वेळी यजमानाने रेबेका सोल्निट या लेखिकेला थांबवून घेतले आणि तिच्या लेखनाची चौकशी केली. तिने एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराचा विषय काढला. धावत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात, हे १८७८ मध्ये छायाचित्रांनी दाखवणारा तो हाच मायब्रिज. नाव कानी पडताच यजमानाने तिचे वाक्य तोडले. मायब्रिजवर याच वर्षी एक फार महत्त्वाचे पुस्तक आले आहे, ते तिला ठाऊक आहे का, असे विचारून तो त्या पुस्तकाची महती तिला सांगू लागला.

ते पुस्तक सोल्निटचेच होते. सोबतची मैत्रीण हे सांगू पाहत होती. तिला ते तीन-चार वेळा सांगावे लागले, तेव्हा कुठे ते यजमानाच्या कानापर्यंत पोहोचले. पुढे असेही उघड झाले की त्याने पुस्तक वाचलेलेच नव्हते. वृत्तपत्रातील परीक्षण तेवढे वाचले होते.

हा प्रसंग सोल्निटने २००८ मध्ये एका निबंधात लिहिला. त्या निबंधात ‘मॅन्सप्लेनिंग’ हा शब्द कुठेही नाही, आणि तो तिने घडवलेलाही नाही. तो त्यानंतर लवकरच इंटरनेटवरील संभाषणांत जन्मला. २०१० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने वर्षातील लक्षणीय शब्दांत त्याची गणना केली, २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वेरी कोशाने त्याला वर्षाचा शब्द ठरवले आणि २०१८ मध्ये तो मोठ्या ऑक्सफर्ड कोशात दाखल झाला. गंमत अशी की खुद्द सोल्निटला या शब्दाविषयी शंका होत्या.

मराठीत या सवयीसाठी शब्दांचा तुटवडा कधीच नव्हता. अक्कल शिकवणे, शहाणपण पाजळणे, ब्रह्मज्ञान सांगणे. परंतु या साऱ्या वाक्प्रचारांतील कर्ता कुणीही असू शकतो. सासू सुनेला अक्कल शिकवते, पुतण्या काकांपुढे शहाणपण पाजळतो. नव्या इंग्रजी शब्दाने कर्त्याचे लिंग निश्चित केले, आणि वादाचे मूळ नेमके तेथेच आहे. आक्षेपकांचे म्हणणे असे, की शिष्टपणा हा माणसाचा दोष आहे, पुरुषाचा नव्हे. मग एका दोषाला अर्ध्या मानवजातीचे नाव का द्यावे? आणि हा शब्द तोंडावर फेकला की समोरच्या पुरुषाचा मुद्दा खरा की खोटा हे तपासण्याची गरजच उरत नाही, त्याचे काय?

आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. त्यांची परीक्षा घ्यायची तर मेजवानीतील गप्पांपेक्षा भक्कम पुरावा हवा. दोन्ही बाजूंनी लेखी मते मांडली आहेत, ती पत्रे टिकली आहेत आणि कोणाला काय ठाऊक होते हे निश्चित सांगता येते, असे एक प्रकरण उपलब्ध आहे. त्याचे स्थळ इंग्लंडमधील चेल्टनहॅम, काळ १८८५ च्या आसपासचा आणि नायिका पंडिता रमाबाई.

रमाबाई तेथे पोहोचण्यापूर्वी काय होत्या, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. सगळे प्रकरण त्यावर उभे आहे. त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, आणि त्या अपराधाबद्दल त्यांना उडुपीच्या पंडितांपुढे शास्त्राधार मांडून स्वतःचे समर्थन करावे लागले. रमाबाईंना संस्कृत शिकवले ते आईने. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. त्यानंतर रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास यांनी हजारो मैल पायी प्रवास केला. गावोगावी, तीर्थोतीर्थी पुराण सांगायचे आणि मिळेल त्यावर दिवस काढायचा, हा त्यांचा क्रम होता. पुराण ऐकायला बसणाऱ्यांत स्त्रिया असत, तसेच पुरुषही असत.

१८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. वय वीस. परीक्षक अर्थातच पुरुष होते. १८८२ मध्ये पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापला आणि त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण मिळण्याची निकड मांडली. तोवर वडील, आई, भाऊ आणि पती असे सगळे गेले होते. पदरी एक लहान मुलगी होती. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. डॉक्टर होण्याचा हेतू कानांच्या दुखण्यामुळे सोडावा लागला. वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाच्या आश्रयाला असताना त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढच्या वर्षी चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या संस्कृत शिकवू लागल्या. गणित, विज्ञान आणि इंग्रजी यांचे स्वतःचे शिक्षणही तेथेच चालू होते.

कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांना वाटले, की अशा विदुषीने पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवायला काय हरकत आहे? हा विचार चर्चच्या वरिष्ठांकडे मतासाठी गेला आणि मुंबईचे बिशप मिल्न व लाहोरचे बिशप फ्रेंच या दोघांनीही त्याला विरोध केला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की एका हिंदी स्त्रीने इंग्लंडमध्ये तरुण पुरुषांना शिकवले हे हिंदुस्थानात कळले, तर देशबांधवांत तिची पत राहणार नाही आणि मायदेशी परतल्यावर तिच्या कार्याचा नाश होईल.

हिंदुस्थानात काय खपते आणि काय खपत नाही, हे दोन इंग्रज धर्माधिकारी सांगत होते. ते सांगत होते अशा स्त्रीविषयी, जिने हिंदुस्थानातील पुरुषांपुढे उभे राहून व्याख्याने दिली होती, ज्यांना संस्कृतचा अधिकार वंशपरंपरेने मिळाला त्यांच्यापुढे परीक्षा दिली होती, आणि मानाची पदवी त्यांच्याकडूनच मिळवली होती. रमाबाईंनी बील यांना लिहिलेल्या पत्रात नेमका हाच मुद्दा मांडला. आई तरुणांना शिकवी, त्या स्वतःही शिकवीत. त्याला ना वडिलांनी हरकत घेतली, ना पतीने. मग ही हरकत आली कोठून, असा त्यांचा प्रश्न होता. पत्रातला स्वर अपमानित झालेल्या व्यक्तीचा आहे, पण युक्तिवाद पुराव्याचा आहे.

इथे एक सोपी चूक टाळायला हवी. बिशप फ्रेंच अडाणी नव्हते. हिंदुस्थानात त्यांनी अनेक वर्षे काढली होती, ते बहुभाषी म्हणून विख्यात होते, आणि आग्र्याचे सेंट जॉन्स कॉलेज त्यांच्याच हातून उभे राहिले होते. ॲस्पेनचा तो यजमान परीक्षण वाचून बोलत होता. हे गृहस्थ अनुभवावरून बोलत होते. म्हणूनच हे प्रकरण अधिक बोधक आहे. बोलणाऱ्याचे ज्ञान कमी असते म्हणून हा दोष घडतो, असे नाही. समोरच्या स्त्रीच्या ज्ञानाची नोंदच हिशेबात घेतली जात नाही, तेव्हा तो घडतो. बिशपांनी रमाबाईंचा अनुभव तपासून तो अपुरा ठरवला असता, तर तो वाद झाला असता. त्यांनी तो विचारलाच नाही. प्रश्न तिच्याविषयीचा होता, पण सल्ला तिला सोडून इतरांकडून मागवला गेला.

आता आक्षेपकांची बाजू. या कथेत आणखी एक व्यक्ती आहे : वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन. रमाबाईंच्या त्या धर्ममाता. रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणत, आणि दोघींत खरा जिव्हाळा होता. पण बिशपांच्या मताशी त्या सहमत होत्या. पुढे त्रैक्याच्या सिद्धांतावर रमाबाईंनी शंका काढल्या, तेव्हा त्यांना अहंकार सोडून वडीलधाऱ्यांचे ऐकण्याचा उपदेश करण्यात त्या आघाडीवर होत्या. रमाबाईंनी बजावले, की मोठ्या कष्टाने एका पुरोहितवर्गाचे जोखड उतरवले आहे, ते दुसऱ्याचे मानेवर घेण्यासाठी नव्हे.

सिस्टर जेराल्डिन स्त्री होत्या. मग त्यांच्या वागण्याला कोणते नाव द्यायचे? चेल्टनहॅमच्या प्रकरणात पुरुषपण हा एकच धागा नाही. राज्यकर्त्या वंशाचा आत्मविश्वास आहे, चर्चची उतरंड आहे, नवदीक्षिताकडून अपेक्षिलेली नम्रता आहे. ‘मॅन्सप्लेनिंग’ या शब्दाने यातील एक धागा नेमका पकडला जातो आणि बाकीचे निसटतात. ही त्या शब्दाची खरी मर्यादा. तो पुरुषांवर अन्याय करतो या तक्रारीपेक्षा, तो कधी कधी अपुरा पडतो ही तक्रार अधिक वजनदार आहे.

तरीही पुरुषांचा धागा सोडून देता येत नाही, कारण त्याच दशकात महाराष्ट्रात तो वारंवार दिसतो, आणि तेथे ना चर्च होते, ना वंशभेद.

१८८१ मध्ये सुरत येथे विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला नवजात अपत्याच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती कमी करण्यात आली. त्या निमित्ताने ‘पुणे वैभव’ पत्राने समस्त स्त्रियांच्या बिघडत चाललेल्या नीतीवर ताशेरे झोडले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी त्यावर उत्तर लिहिले : ‘स्त्रीपुरुष तुलना’. १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्याच्या ५०० प्रती छापल्या गेल्या. ताराबाईंचा प्रश्न सरळ होता. स्त्रियांच्या अंगचे म्हणून जे जे दुर्गुण ग्रंथांत आणि पत्रांत सांगितले जातात, ते सांगणारे कोण, आणि तेच दुर्गुण सांगणाऱ्यांच्या अंगी नाहीत काय? पुस्तकावर टीकेची झोड उठली. जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि ‘सत्सार’मधून त्यांनी टीकाकारांचा समाचार घेतला. ताराबाईंचे दुसरे पुस्तक मात्र कधी आले नाही. हे पुस्तकही विस्मृतीत गेले, ते १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा उजेडात आणेपर्यंत.

दुसरे प्रकरण रखमाबाईंचे. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लग्न, सासरी नांदायला जाण्यास नकार, आणि १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात लावलेला दावा. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. अपिलानंतर प्रकरण पुन्हा सुनावणीला आले आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी आदेश दिला : नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली.

या खटल्यात पुरुषांनी जे जे लिहिले, ते सगळे एकाच मापाने मोजता येत नाही. लोकमान्य टिळकांच्या गोटातील ‘मराठा’ पत्राने पिन्हे यांच्यावर हिंदू कायद्याचे मर्म न समजल्याचा ठपका ठेवला. ही भूमिका आज अनेकांना खटकेल. पण ती कायद्याविषयीची भूमिका होती, एका न्यायाधीशाशी केलेला वाद होता, आणि त्यात मांडलेले मुद्दे खोडता येण्यासारखे होते. तिला चूक म्हणावे, प्रतिगामी म्हणावे. मॅन्सप्लेनिंग म्हणू नये. स्त्रीच्या प्रश्नावर पुरुषाने काढलेल्या प्रत्येक उद्गाराला हा शब्द चिकटवला, तर तो शब्द ‘मला न पटलेले मत’ एवढाच अर्थ देऊ लागतो.

दादाजींची पुस्तिका मात्र वेगळ्या जातीची आहे. १८८७ मध्ये त्यांनी खटल्याची आपली बाजू छापून प्रसिद्ध केली. तिच्यातले सार असे, की नकार रखमाबाईंचा नव्हेच. मालमत्तेसाठी माहेरच्या माणसांनी तो त्यांच्याकडून वदवला आहे. रखमाबाई त्या वेळी बाविशीतल्या होत्या. ‘एक हिंदू स्त्री’ या नावाने १८८५ मध्येच त्यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाहावर सविस्तर पत्रे लिहिली होती. त्यांची कारणे जगजाहीर होती. तरीही त्यांच्या मनात काय आहे, हे त्यांच्या ऐवजी दुसरा सांगत होता, आणि ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांना ते अधिक विश्वसनीय वाटत होते. रखमाबाईंनी उत्तर छापले. १८८८ मध्ये २००० रुपयांवर तडजोड झाली. पुढे लंडनला जाऊन त्या डॉक्टर झाल्या आणि अनेक वर्षे त्यांनी सुरत व राजकोट येथे रुग्णालये सांभाळली.

या दोन्ही घटनांनंतर, १८८९ मध्ये, पंडिता रमाबाई पुण्यात व्याख्यान देत होत्या. श्रोत्यांत अठ्ठावीस वर्षांचे रवींद्रनाथ ठाकूर होते. पुरुष श्रोत्यांनी इतका गोंधळ घातला की व्याख्यान अर्धवट राहिले. रवींद्रनाथांनी त्यावर बंगालीत एक लेख लिहिला. दंगा करणाऱ्यांच्या मर्दुमकीची त्यांनी त्यात टर उडवली, आणि मग स्त्री व पुरुष यांच्या प्रकृतीत मुळातच भेद कसा आहे, बुद्धीच्या क्षेत्रात स्त्रीने पुरुषाशी बरोबरी मागणे कसे अस्थानी आहे, याचे विवेचन सुरू केले. व्याख्यान देणारी खाली बसवली गेली होती. तिच्या विषयाचे उरलेले निरूपण एका तरुण कवीने पूर्ण केले. पुढे त्यांच्याच लेखणीतून ‘स्त्रीर पत्र’सारखी कथा उतरली, हेही सांगितले पाहिजे. हा दोष असलेला माणूस दुष्टच असतो, असे समजण्याचे कारण नाही.

मग पुरुषाने स्त्रीला काही समजावून सांगूच नये काय? त्याच पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आपल्या पत्नीला, रमाबाई रानडे यांना, शिकवत होते. १८७३ मध्ये लग्न झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या, ते एकतीस. धडे देणारा पुरुष, घेणारी स्त्री, आणि दोघांत वयाचे, पदाचे, ज्ञानाचे प्रचंड अंतर. त्या लग्नातील विषमतेवर पुष्कळ बोलता येईल. पण त्या धड्यांना मॅन्सप्लेनिंग म्हणता येणार नाही. जे ठाऊक नव्हते ते सांगितले जात होते, आणि उद्देश तिला पुढे बोलता यावे हा होता. तिने इंग्रजी शिकू नये म्हणून टोमणे मारणाऱ्या घरातल्याच वडीलधाऱ्या बायका होत्या, हे रमाबाईंनी १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत सविस्तर नोंदवले आहे.

म्हणजे शब्दाची कसोटी सांगणाऱ्याच्या लिंगात नाही आणि सांगण्याच्या कृतीतही नाही. तिच्या ज्ञानाचा पुरावा समोर असताना, ती स्त्री आहे एवढ्याच कारणाने तो पुरावा न मोजता तिला तेच ज्ञान ऐकवले जाते का, हे पाहावे लागते. या अरुंद अर्थाने शब्द न्याय्य आहे. आणि त्याच्या नावातले ‘मॅन’ही अनाठायी नाही, कारण वृत्तपत्र, न्यायासन, धर्मपीठ आणि सभागृह या चारही ठिकाणी बोलण्याचा अधिकार एका बाजूला वाटून दिला गेला होता, तो निसर्गाने नव्हे. शिष्टपणा दोघांच्याही अंगी असेल. पण सिस्टर जेराल्डिन यांचा शिष्टपणा पत्रापुरता राहिला, आणि बिशपांचा शिष्टपणा निर्णय ठरू शकत होता. अर्थ सैल केला, की मात्र हा शब्द ‘बाईला काय कळते’ याचेच उलटे रूप होऊन बसतो : ‘पुरुषाला काय कळते’.

रमाबाईंनी स्वतः बिशपांना पुरुष म्हणून गप्प बसा असे म्हटले नाही. त्यांनी दाखला दिला : माझी आई, माझे वडील, माझा नवरा, मी. १८८६ च्या फेब्रुवारीत आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला निघाल्या. १८८७ मध्ये तेथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले, आणि हिंदुस्थानात काय घडते हे या वेळी त्यांनी सांगितले व अमेरिकेने ऐकले. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उभे राहिले ते त्यातून.

चेल्टनहॅमची ती पत्रे महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. बिशपांची मते आणि रमाबाईंची उत्तरे त्यात एकाच वेष्टनात वाचता येतात. ती सगळी पत्रे जपून, जुळवून, संग्रह करून ठेवल्या होत्या त्या सिस्टर जेराल्डिन यांनीच.